जुनी लाकूड-कॅनव्हासची कनू घ्यावी का? घरच्या घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की कॅनडातल्या ओंटारियोत एका कोठारात पडून असलेली 16 फुटी कनू, म्हणजे लाकडावर कॅनव्हास ताणलेली वल्ह्याची अरुंद होडी, विकायला आहे. कॅनव्हास फाटलाय, आतलं लाकूड काळवंडलंय, मालक ती ‘ओल्ड टाउन’ या कंपनीची असल्याचं सांगतो आणि तुमचा मित्र ‘वरून फायबरग्लास चढवून टाक’ म्हणतो.

मित्राचं ऐकू नका. एरवी घ्यायला हरकत नाही, पण आधी लाकूड तपासा.

फाटका कॅनव्हास दाखवून भाव जरूर पाडा, पण त्याला घाबरू नका. काही दशकांनी तो बदलावाच लागतो. काळेपणाही बहुतेक जुन्या व्हार्निशचा आणि पाण्याच्या डागांचा असतो, तो निघतो. बघायची ती दोन टोकं. या होड्या वर्षानुवर्षं पालथ्या पडून असतात, टोकं मातीला टेकतात आणि पाणी तिथेच मुरतं. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि टोकाच्या बाकदार लाकडात, त्रिकोणी फळीच्या खालून, काठाच्या पट्ट्यांच्या शेवटच्या वीतभर भागात टोचून बघा. थोडं भुसभुशीत लागलं तर तेवढं तिरकं कापून नवा तुकडा जोडता येतो. मग एका टोकाला उभं राहून नजर लावा. होडीला पीळ बसला असेल किंवा तळ मधोमध वर उचलला गेला असेल, तर फुकट दिली तरी नको.

‘ओल्ड टाउन’ची खात्री आकड्यावरून करा. दोन्ही टोकांना आत, तळाच्या लाकडात अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि त्यापाशीच फुटांतली लांबी. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या या कारखान्याच्या जुन्या नोंदी बऱ्याच टिकल्यात. वुडन कनू हेरिटेज असोसिएशनमधली हौशी मंडळी तुमच्या क्रमांकाचं कार्ड शोधून देतात. कोणतं लाकूड, कोणता रंग, कधी आणि कुठे पाठवली, सगळं त्यावर असतं. तुमच्या भागात मात्र पीटरबरो (1961 मध्ये बंद) किंवा फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट (1979 मध्ये बंद) या कॅनडातल्याच कंपनीची होडी निघण्याची शक्यता जास्त. त्यात कमीपणा काहीच नाही. चेस्टनटचं ‘प्रॉस्पेक्टर’ हे मॉडेल निघालं तर मी घासाघीस करत बसणार नाही.

आता कामाचं. मोडक्या फासळ्या (होडीच्या आतून आडव्या वाकवून बसवलेल्या लाकडी पट्ट्या) बदलणं वाटतं तितकं कठीण नाही, सुतारकामाची सवय मात्र हवी. फासळी व्हाइट सीडर या लाकडाची, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद आणि पाव इंचाहून थोडी जाड. भट्टीत वाळवलेलं लाकूड मोडतं, हवेवर वाळलेलं घ्या. भिजवून वाफ दिली की ती हातात लवते, पण काही सेकंदच. तेवढ्यात ती होडीच्याच पाठीवर वाकवून बांधायची. मोडक्या जागेच्या नेमकी वर नाही, एक-दोन फासळ्या टोकाकडे सरकून, कारण बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा असतो आणि टोकाकडे तो कमी होत जातो.

कारखान्यात होडी साच्यावर बनायची आणि साच्यावर प्रत्येक फासळीखाली लोखंडी पट्टी असायची. पितळी चूक (छोटा खिळा) फळी-फासळीतून जाऊन त्या पट्टीवर आपटली की टोक वळून परत लाकडात रुतायचं. आपल्याकडे साचा नाही, म्हणून एका हाताने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि बाहेरून हातोडी. बरोबर बसली की ठोक्याचा आवाजच बदलतो.

नंतर 10 नंबरचा कॅनव्हास ताणून बसवायचा आणि त्याच्या विणीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. जुन्या लांबीत जवसाचं तेल, सिलिकाची भुकटी आणि शिशाचा सफेदा असायचा. म्हणून जुना थर कोरडा घासू नका, मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. नवी लांबी वाळायला महिनाभर धरून चाला. घाईने रंग दिलात तर तो तडकेल.

फायबरग्लासला माझा विरोध यासाठी की त्यातलं रेझिन (चिकटवणारी राळ) लाकडाला घट्ट धरतं, ओल अडकून राहते आणि पुढे एखादी फळी बदलायची वेळ आली तर आधी हीटगनने इंच-इंच करत तो थर सोडवावा लागतो. ज्या होडीवर तो आधीच चढवलेला आहे, तिची मी किंमत निम्मी धरतो.

हे सगळं कारागिराकडून करून घेतलंत तर खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो आणि विकताना तो सहसा वसूल होत नाही. तळाला बाहेरून कणा (लांबीभर जाणारी लाकडी पट्टी) लावलेला असेल तर नव्या कॅनव्हासवर तो परत लावू नका. त्याच्या स्क्रूंच्या भोकांतूनच बहुतेक वेळा पाणी शिरतं आणि तलावावर त्याच्यावाचून काही अडत नाही.