शिमोनोसेकीचा तह नेमका काय होता? चीनने तैवान जपानला का दिलं?

सोप्पं आहे, चीन युद्ध हरला होता म्हणून. 1894 मधे कोरियावर वर्चस्व कुणाचं यावरून चीनचं चिंग साम्राज्य आणि जपान भिडले, सगळ्यांना वाटत होतं एवढा मोठा चीन जिंकणार, पण जपानने जमिनीवर आणि समुद्रात दोन्हीकडे धुतलं आणि 17 एप्रिल 1895 ला जपानमधल्या शिमोनोसेकी शहरात तह झाला.

बोलणी झाली ती एका फुगू म्हणजे विषारी माशासाठी फेमस असलेल्या हॉटेलात 😄 चीनकडून ली होंगझांग, 70 च्या पुढचा म्हातारा माणूस, आणि समोर जपानचा पंतप्रधान इतो हिरोबुमी. मधेच 24 मार्चला एका जपानी तरुणाने लीवर पिस्तूल झाडलं, गोळी गालात घुसली पण म्हातारा वाचला. जपानची जगभर एवढी नाचक्की झाली की आधी टाळत असलेला युद्धविराम त्यांना द्यावा लागला, भरपाईचा आकडा पण 30 कोटी टेल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदीवरून 20 कोटींवर आला. म्हणजे त्या एका गोळीने जे झालं ते चिनी तोफांना जमलं नाही असं मला तरी वाटतं.

तैवान, पेंगहू बेटं आणि लियाओतुंग (ईशान्य चीनमधलं द्वीपकल्प) जपानला, कोरिया चीनच्या छत्राखालून बाहेर, वर सूझौ, हांगझौ, चोंगचिंग, शाशी ही शहरं व्यापाराला खुली. लियाओतुंग मात्र आठवड्याभरातच रशिया, जर्मनी, फ्रान्सने डोळे वटारले म्हणून जपानला परत करावं लागलं, बदल्यात अजून 3 कोटी टेल घेतले. तो राग पुढे 1904 च्या युद्धात रशियावर निघाला. तैवान मात्र 1945 पर्यंत जपानकडेच.