डाएट एकट्या मुलाचं नको

"त्याचा तोंडावर ताबाच नाही हो. तुम्ही जरा समजावून सांगा ना त्याला." दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे बहुतेक वेळा हेच घेऊन येतात. वजन वाढलेलं असतं, डॉक्टरांनी सावध केलेलं असतं, आणि मुलाला शिस्त लावायचं काम आता समुपदेशकाने करावं अशी अपेक्षा असते. मुलाशी मी बोलतेच. पण त्याआधी मला घरातली सगळी मोठी माणसं समोर हवी असतात, आजीआजोबांसकट.

पुण्यातल्या एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा पाचवीतला. उंची 135 सेंटिमीटर, वजन 45 किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळजवळ 25. मुलांना मोठ्यांचे आकडे सरसकट लावत नाहीत. वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावर पाहावं लागतं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ त्यासाठी भारतीय मुलांचे 2015 चे वाढीचे तक्ते वापरतात. त्या तक्त्यावर हा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर होता. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसत होता. आई तो बेसन आणि लिंबाने घासून काढायचा प्रयत्न करत होती. तो मळ नसतो. रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. म्हणून डॉक्टरांनी रक्तदाब, साखर आणि यकृताच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. थायरॉइडची शंका पालक हमखास काढतात, पण मुलाची उंची वयाप्रमाणे नीट वाढत असेल तर हार्मोनचा आजार सहसा नसतो.

आईने घरी डाएट सुरू केलं होतं, पण फक्त त्याचं. रात्री त्याच्या ताटात बिनतुपाची भाकरी आणि उकडलेले मूग. शेजारी धाकटी बहीण बटाट्याची भाजी-पुरी खातेय, आणि नऊच्या बातम्या लागल्या की बाबांसमोर फरसाणाची वाटी. दर रविवारी सकाळी सगळ्यांदेखत वजनकाट्यावर उभं राहायचं. दोन महिन्यांत वजन घटलं तर नाहीच, उलट क्रिकेटच्या बॅगेत, पॅडच्या आत, बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. "चोरून खातोय," असं सांगताना आईला रडू आलं. सासूबाई ऐकवत होत्या, "चांगलं बाळसं आहे पोराचं, उगाच उपाशी मारतेस." नवरा म्हणत होता, "तूच लाडावून ठेवलंयस." दोष आईच्या गळ्यात आणि शिक्षा मुलाला, असं चाललं होतं.

मुलगा माझ्याशी एकटा बोलला तेव्हा त्याचं एकच म्हणणं होतं: "मला एकट्यालाच का?"

त्याच्या या प्रश्नावर संशोधनाचं उत्तर आहे. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन जास्त असलेल्या 6 ते 12 वर्षांच्या मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि 1990 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या गटात पालक आणि मूल या दोघांच्याही सवयी बदलण्यावर भर होता, त्या गटातल्या मुलांचं जादा वजनाचं प्रमाण दहा वर्षांनंतरही सुरुवातीपेक्षा कमी होतं. फक्त मुलावर भर दिलेल्या गटात ते वाढलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कुटुंबाला सोबत घेऊनच उपचार सुचवले आहेत. त्यासाठी 3 ते 12 महिन्यांत किमान 26 तासांचं मार्गदर्शन असावं, असं त्या म्हणतात. एकदा येऊन मुलाची कानउघाडणी करून घेतली की झालं, इतकं हे सोपं नाही.

आम्ही पहिल्यांदा वेगळं ताट बंद केलं. घरात सगळ्यांना एकच स्वयंपाक. पोळी, उसळ, कोशिंबीर, वरण-भात, वर चमचाभर तूपही. घाबरलेले पालक आधी तूप तोडतात आणि पाहुण्यांसाठी आणलेलं कोल्ड्रिंक मात्र फ्रिजमध्ये तसंच राहतं. 300 मिलीच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅमच्या वर साखर असते, आणि ती पिऊन पोट भरल्यासारखं वाटतही नाही. कोल्ड्रिंक, पाकिटातले ज्यूस आणि फरसाण घरात आणून ठेवायचंच नाही, असं ठरलं. लग्नात, वाढदिवसाला, गणपतीत मोदक सगळ्यांनी खायचे, त्यानेही, आणि त्या वेळी त्याच्या पानाकडे कुणी बघायचं नाही. काय शिजवायचं आणि किती वाजता वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते त्याच्या भुकेवर सोडायचं. टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून जेवलं की भूक कळतेही.

बाबांना फरसाण सोडणं जड गेलं. आठवडाभर चिडचिड झाली. पण मुलगा बघतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजींशी बोलायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा होता. नातवाला भरवणं हीच त्यांची घरातली जागा होती. ती काढून घेतली असती तर त्यांनी पदराआडून लाडू दिलेच असते. संध्याकाळी पाचचा खाऊ पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवला: थालीपीठ, घावन, भाजलेले शेंगदाणे, पेरू. खाऊनंतर रात्रीच्या जेवणापर्यंत स्वयंपाकघर बंद, ही राखणही त्यांचीच. "मला आधी कुणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

या वयात रोज तासभर तरी धावपळीचा खेळ हवा. सोसायटीत मैदान नव्हतं, म्हणून बाबा आणि दोन्ही मुलं पार्किंगमध्ये बॅडमिंटन खेळू लागले. शिक्षा म्हणून पळायला लावायचं नाही, एवढं मी बजावलं होतं. रात्री अकराला झोपणारं घर दहाला झोपू लागलं. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते.

वजनकाटा घरातून डॉक्टरांकडे गेला. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन उतरवण्यापेक्षा ते सावकाश वाढू देणं आणि उंचीला पुढे जाऊ देणं पुरतं. वर्षभराने त्याची उंची 141 आणि वजन 47 झालं. वजन दोन किलो वाढलं म्हणून आई हिरमुसली होती. बीएमआय 25 च्या जवळून 23.6 वर आला आहे, हे डॉक्टरांनी तक्त्यावर दाखवलं तेव्हा तिला पटलं. बिस्किटांचे पुडे पुन्हा सापडले नाहीत.

वर्गातली मुलं त्याला अजून "ढोल्या" म्हणतात. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात आईबाबा दोघंही वर्गशिक्षिकांना भेटणार आहेत. तिथे काय बोलायचं, ते मुलाने स्वतः लिहून दिलं आहे.