गोल्फमध्ये स्मार्टवॉच पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल होलकडे ढकलायचा हलका शॉट) पकडत नाही, मग शॉट ट्रॅकिंगचा फायदा काय? क्लबवर लावायचे सेन्सर घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) 22, घड्याळ नवीन, आणि राउंड संपल्यावर अ‍ॅपमध्ये 96 च्या जागी 58 शॉट दिसले म्हणून वैतागलात. माझं पहिल्या महिन्यात सेम झालं होतं. मी पुण्यात खेळतो, आता 19 वर आहे, अडीच वर्षं घड्याळ घालून खेळतोय तर जे कळलं ते सांगतो.

घड्याळाला बॉल दिसत नाही हे आधी डोक्यात घ्या. त्याला मनगटाची हालचाल आणि इम्पॅक्टचा झटका कळतो, त्या क्षणी जीपीएसवर तुम्ही कुठे उभे आहात ते नोंदलं जातं, आणि पुढचा शॉट जिथून मारता तिथपर्यंतची सरळ रेषा म्हणजे तुमचं अंतर, बास. म्हणून ड्राइव्ह (होलचा पहिला लांब शॉट) कार्ट पाथवर टप्पा खाऊन तीस यार्ड पळाला तरी तो तुमच्याच खात्यात. पटला झटकाच नसतो त्यामुळे तो सापडत नाही, गार्मिन तर स्वतःच सांगतं की पट डिटेक्ट होत नाहीत आणि घड्याळ पुढच्या हातात घाला, म्हणजे उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या. छोट्या चिप (ग्रीनच्या जवळून मारलेले छोटे शॉट) पण सुटतात. उलट प्रॅक्टिस स्विंग जमिनीला लागला की एक शॉट फुकटचा वाढतो. मी प्रत्येक होलनंतर पुढच्या टीकडे (पुढचं होल जिथून सुरू होतं तिकडे) चालता चालता पट आणि सुटलेल्या चिप टाकून देतो, घरी जाऊन आठवत बसलात तर काही खरं नाही.

आता फायदा. माझा सात नंबरचा क्लब दीडशे यार्ड जातो असं मी चार वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. कॅडी म्हणायचा साहेब सहा घ्या (नंबर कमी तितका क्लब लांब मारतो), मी सातच घ्यायचो, आणि बॉल पुढच्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. घड्याळात चाळीसेक शॉट जमल्यावर बघतो तर मधला आकडा 137, दीडशेच्या वर मोजून पाच! ग्रीन चुकलं तेव्हा डावीकडे-उजवीकडे साधारण सारखंच, पण शॉर्ट मात्र लांबच्या तिप्पट. आता मुकाट्याने एक नंबर लांबचा, म्हणजे सहा घेतो. (कॅडीला हे घड्याळाशिवाय माहीत होतं, तो भाग वेगळा.)

मधला आकडा म्हणालो, सरासरी नाही, कारण झाडाखालून मारलेला पंच (मुद्दाम बुटका ठेवलेला शॉट), टॉप झालेला (बॉलच्या डोक्याला लागलेला) शॉट सगळं सात नंबरच्या सरासरीत जाऊन बसतं. असले शॉट राउंडनंतर डिलीट करा. आणि आपल्याकडचा मोठा घोळ म्हणजे पावसाळा. जुलैमध्ये ड्राइव्ह पडतो तिथेच रुततो, रोल शून्य, मार्चमध्ये तोच ड्राइव्ह सुकलेल्या फेअरवेवर पळत सुटतो. दोन्ही एकत्र केले तर जो आकडा येतो तो वर्षातल्या कुठल्याच महिन्याचा नसतो. मी जून ते सप्टेंबर वेगळं बघतो.

पटचं म्हणाल तर नुसता आकडा फसवतो. माझे राउंडला 36 पट व्हायचे, मला वाटायचं पटिंग बेकार आहे, कोचकडे त्याचेच तास घेतले. मग पहिला पट किती लांबून आहे ते पावलांनी मोजून लिहायला लागलो तेव्हा कळलं की चिपच वीस-वीस फुटांवर थांबत होती, तिथून दोन पट लागणारच ना. स्ट्रोक्स गेन्ड नावाचा जो प्रकार अ‍ॅपमध्ये दिसतो तो हाच हिशोब आहे, कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या मार्क ब्रॉडी यांनी मांडलेला, पीजीए टूरने (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) 2011 पासून पटिंगसाठी वापरायला घेतला. आठ फुटांवरून टूरवाले निम्मे पट घालतात म्हणजे तिथून सरासरी दीड पट, तुम्ही एकात घातला तर अर्धा कमावला, दोन लागले तर अर्धा घालवला. ब्रॉडींच्याच हिशोबात टूरवरचे टॉपचे खेळाडू बाकीच्यांच्या पुढे जातात त्यातलं सगळ्यात जास्त अ‍ॅप्रोच शॉटमुळे (लांबून ग्रीनवर पोचवायचा शॉट), पटिंगमुळे बरंच कमी. मी मात्र वर्षभर पटर (पट मारायचा क्लब) बदलत बसलो होतो.

क्लबच्या स्पर्धेत खेळणार असाल तर चढ-उतार धरून अंतर सांगणारं फीचर बंद करा. अंतर बघायला 2019 पासून नियमानेच परवानगी आहे (कमिटीने लोकल रूल लावून बंद केलं नसेल तर), पण चढ-उताराचं चालत नाही, पहिल्यांदा दोन स्ट्रोक, दुसऱ्यांदा थेट बाद.

सेन्सर आत्ता नको. क्लबवर लावायच्या सेन्सरने कुठला क्लब मारला ते आपोआप कळतं एवढाच मोठा फरक, आणि तो प्रश्न घड्याळ शॉटनंतर विचारतं तेव्हा दोन बटणं दाबून पण सुटतो. दहा राउंड असेच करा, शॉट साफ करा, मग बघू. आणि पट्टा एक भोक घट्ट करून बघा, माझं घड्याळ ग्लोव्हवर सैल लटकायचं तेव्हा वेजचे (जवळून उंच मारायच्या क्लबचे) शॉट सर्रास गायब व्हायचे.