हबर्ड रिंग ६ साइटला जुळते आणि ४ साइटला फसते ती का

प्रश्न थोडक्यात असा: एक-मिती हबर्ड मॉडेलचं (साइटवरून साइटवर उड्या मारणाऱ्या आणि एका साइटवर आले की एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं मॉडेल) अचूक डायगोनलायझेशन, म्हणजे ऊर्जेच्या मॅट्रिक्समधून थेट ऊर्जापातळ्या काढणं, तुम्ही पायथनमध्ये लिहिलंय. रिंग बंद, हाफ फिलिंग (साइटइतकेच इलेक्ट्रॉन, निम्मे अप स्पिनचे, निम्मे डाउनचे), उडीची ताकद टी = १. एका साइटवर दोन इलेक्ट्रॉन आल्यावर लागणारी ऊर्जा यू = ० ठेवल्यावर ६ साइटचं उत्तर हातच्या गणिताशी जुळतं, पण ४ साइटला −४ ऐवजी −५.६५७ येतं. ८ साइटला ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. आणि दर साइटमागची ऊर्जा साइट वाढवत नेली की कधी वर कधी खाली जाते.

यातलं तिसरं चूकच नाही. दुसरं सोपं आहे. खरी गोम पहिल्यात आहे.

−५.६५७ म्हणजे −४√२. हा आकडा पाहिला की दुखणं कुठे आहे ते कळतं: रिंग जिथे जोडली जाते त्या सांध्यावर फर्मिऑनचं चिन्ह (दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल झाली की येणारं उणे) राहून गेलंय. साइट ०, १, २, ३ अशा डावीकडून लिहू आणि एकाच स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन ० व १ वर ठेवू, म्हणजे अवस्था ११००. आता ० वरचा इलेक्ट्रॉन सांध्यावरून ३ वर पाठवा. नवी अवस्था ०१०१. पण ऑपरेटर ठरलेल्या क्रमात लावताना तो १ वरच्या इलेक्ट्रॉनला ओलांडतो, म्हणून पुढे उणे चिन्ह येतं. आतल्या शेजारी साइटवर उडी मारताना मध्ये कुणीच नसतं, तिथे चिन्ह लागत नाही, म्हणून बाकी सगळा कोड निर्दोष दिसतो.

सांध्यावरून जाणारा इलेक्ट्रॉन त्या स्पिनच्या उरलेल्या सगळ्यांना ओलांडतो. त्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनांची संख्या 'न' म्हटली, तर चिन्ह (−१) चा (न−१) वा घात. हाफ फिलिंगला ६ साइटवर न = ३, म्हणजे दोघांना ओलांडलं, चिन्ह अधिक. १० साइटवर न = ५, पुन्हा अधिक. म्हणजे ६ आणि १० साइटची चाचणी ही चूक पकडूच शकत नाही, ती पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ४ आणि ८ साइटला न सम आहे, तिथे बिंग फुटतं. चिन्ह गाळल्यामुळे तुमची रिंग नकळत अँटिपिरिऑडिक (एक फेरी मारली की चिन्ह उलटणारी) झालीय: पातळ्या −२, ०, ०, २ ऐवजी −√२, −√२, √२, √२. खालच्या दोन भरल्या की दर स्पिनमागे −२√२, दोन्ही मिळून −४√२.

उपाय म्हणून फक्त सांध्यावर उणे चिकटवू नका, उद्या जाळी दोन-मिती केलीत की तोच घोळ जागोजागी होईल. प्रत्येक उडीला मधले बिट मोजा (प्रत्येक साइटला एक बिट, आय आणि जे या उडीच्या दोन साइट). आय < जे असताना मास्क = (१ << जे) − (१ << (आय + १)). अवस्थेशी त्याचा अँड घ्या, लागलेले बिट विषम असतील तर उणे. आधी सगळे अप आणि मग सगळे डाउन असा क्रम ठेवलात तर दुसऱ्या स्पिनचे बिट मोजावे लागत नाहीत. साइटगणिक अप-डाउन, अप-डाउन असा क्रम असेल तर मोजावेच लागतात.

आणखी एक सापळा २ साइटच्या बंद रिंगमध्ये आहे. ०→१ आणि १→० हा एकच बंध दोनदा मोजला जातो आणि यू = ० ला −२ ऐवजी −४ मिळतं. २×२ जाळी दोन्ही दिशांनी बंद केली तरी तेच, −४ चं −८ होतं.

आता मेमरी. तुम्ही बहुधा ४ चा ८ वा घात, म्हणजे ६५,५३६ अवस्थांचा पूर्ण मॅट्रिक्स बांधताय. तो ३४ जीबी होतो. अप आणि डाउनची संख्या बदलत नाही, मग ती आधीच ठरवून घ्या: ७० × ७० = ४,९०० अवस्था, पूर्ण मॅट्रिक्स १९२ एमबी. १० साइटला मात्र ६३,५०४ अवस्था आणि पुन्हा ३२ जीबी, तिथून पुढे मॅट्रिक्स बांधायचाच नाही. अवस्थेचा वेक्टर २५२ × २५२ चा तक्ता म्हणून ठेवा, ओळी अपच्या, स्तंभ डाउनचे. अपची उडी म्हणजे तक्त्याला डावीकडून २५२ चा छोटा स्पार्स (बहुतेक शून्यांचा) मॅट्रिक्स, डाउनची उडी म्हणजे उजवीकडून त्याचा ट्रान्सपोज, आणि यू म्हणजे घराघराचा गुणाकार: त्या घरात दोन्ही स्पिन किती साइटवर एकत्र आहेत, गुणिले यू. ही युक्ती दिसते त्यापेक्षा खूप मोठी आहे, हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा मॅट्रिक्स) जवळजवळ फुकटात मिळतो.

तो पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या आयग-एसएच (eigsh) या फंक्शनला लिनियर ऑपरेटर (मॅट्रिक्स न बांधता फक्त गुणाकार करून देणारा) म्हणून द्या. पर्याय 'एसए' (सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू, म्हणजे सर्वांत खालची ऊर्जा) लिहायला विसरू नका. काहीच न लिहिल्यास ते परिमाणाने सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू शोधतं, आणि यू धन असला की ती स्पेक्ट्रमच्या वरच्या टोकाची निघते. सुरुवातीचा वेक्टर रँडम ठेवा. सगळीकडे १ भरलात तर तो एका विशिष्ट सममितीत अडकू शकतो आणि ग्राउंड स्टेट (सर्वांत खालच्या ऊर्जेची अवस्था) दुसऱ्या सममितीत असेल तर गणित तिकडे वळतच नाही.

१४ साइटला एक वेक्टर ९४ एमबी, आयग-एसएच मुळात २० वेक्टर धरतं, म्हणजे दोन जीबीच्या आत. १६ साइटला एकच वेक्टर १.३ जीबी, वीस झाले की संपलं. तिथे तीन वेक्टरची लँत्सोश पद्धत (एकामागून एक वेक्टर बनवत टोकाच्या आयगेनव्हॅल्यू काढणारी) स्वतः लिहावी लागते, ती ४ जीबीत बसते. पण तिच्यात फक्त सर्वांत खालची ऊर्जा वाचा. वेक्टरांचा काटकोन बिघडतो आणि तीच आयगेनव्हॅल्यू पुन्हा पुन्हा उगवते, ती डीजनरसी (एकाच ऊर्जेच्या खरोखर अनेक अवस्था) समजू नका.

दर साइटमागची ऊर्जा यू = ० ला ४, ६, ८, १० साइटसाठी −१, −१.३३३, −१.२०७, −१.२९४ अशी येते, अनंत साखळीला −४/π, म्हणजे −१.२७३. ४ आणि ८ ला शून्य पातळी अर्धवट भरते, ६ आणि १० ला कवच (समान ऊर्जेच्या पातळ्यांचा गट) पूर्ण. दोन वेगळ्या रेषा काढा, एका रेषेत कोंबू नका. यू = ४ ला या रेषा −०.५७३७ कडे जायला हव्यात, हे लीब आणि वू यांच्या १९६८ च्या अचूक उत्तरातून येतं.

दुरुस्तीनंतर ४ साइट, यू = ४ ला −२.१०२७ मिळालं पाहिजे. एखाद्या पेपरात −६.१०२७ दिसलं तर पुन्हा चिन्हं शोधत बसू नका. तिथे यू चं पद साइटवरच्या अप आणि डाउन या दोन्ही संख्यांतून अर्धा वजा करून लिहिलेलं असतं, आणि हाफ फिलिंगला त्याने ऊर्जा बरोबर यू × साइटसंख्या / ४ ने, इथे ४ ने, खाली सरकते.