आकडे दिसतायत, मग सरासरी का येत नाही?

प्रश्न: सर्व्हेचा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये आहे, ती आरमध्ये (R या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) रीड केली. वयाच्या कॉलममध्ये आकडेच दिसतात पण मीन काढायला गेलं की एनए (NA, म्हणजे किंमत उपलब्ध नाही) येतं आणि सोबत वॉर्निंग. कुठल्या कॉलमचा टाइप काय आहे हे बघायचं कसं?

उत्तर: फाइल रीड केल्या केल्या आधी पूर्ण डेटाफ्रेमवर (आरमधल्या त्या तक्त्यावर) स्ट्र (str) हे फंक्शन चालवा, सगळे कॉलम आणि त्यांचे टाइप एकदम समोर येतात. न्यूम किंवा इंट, म्हणजे आकडे, असेल तर ठीक, पण तुमच्या वयासमोर बहुतेक सीएचआर दिसेल, म्हणजे टेक्स्ट. सीएसव्हीत टाइप साठवलेलाच नसतो, आर मजकूर वाचून अंदाज बांधतं आणि एका कॉलमला टाइप एकच, त्यामुळे कोणीतरी एका ओळीत "35 वर्षं" किंवा नुसती रेघ टाइप केली असेल तरी अख्खा कॉलम टेक्स्ट होतो.

आता घाईघाईत ॲज डॉट न्यूमेरिक (as.numeric, टेक्स्टचे आकडे करणारं फंक्शन) लावून जुना कॉलम पुसू नका. नवा कॉलम वेगळ्या नावाने करा आणि जिथे नव्यात एनए आलंय पण जुन्यात नव्हतं तेवढ्याच ओळी काढून बघा, गडबड कुठे आहे ते लगेच सापडतं. रेघ म्हणजे "उत्तर दिलं नाही" असं असेल तर रीड करतानाच एनए डॉट स्ट्रिंग्ज (na.strings) या पर्यायात ती सांगून टाका.

स्ट्रमध्ये फॅक्टर दिसलं तर मात्र जास्त जपून. फॅक्टर म्हणजे ठरावीक गटांचा कॉलम, त्यातल्या प्रत्येक गटाला लेव्हल म्हणतात आणि आत तिचा नंबर साठवलेला असतो. आर 4.0.0 च्या आधी, म्हणजे 2020 पर्यंत, रीड डॉट सीएसव्ही टेक्स्टचा आपोआप फॅक्टर करायचं, जुन्या स्क्रिप्ट वापरणाऱ्यांना हे अजून भेटतं. त्यावर थेट ॲज डॉट न्यूमेरिक केलं की 10, 20, 30 चे 1, 2, 3 होतात, कारण हातात लेव्हलचे नंबर येतात, आणि वॉर्निंगसुद्धा येत नाही! माझ्या मते एनएपेक्षा हे वाईट, एनए निदान दिसतं तरी. आधी ॲज डॉट कॅरेक्टर, मग न्यूमेरिक.

एकाच कॉलमचं बघायचं तर क्लास (class) हे फंक्शन वापरा. टाइपऑफ (typeof) आतली साठवण सांगतं, त्यामुळे फॅक्टरला इंटिजर म्हणतं आणि तारखेला सहसा डबल (दशांश आकडा), गोंधळ होतो.

आणि हो, उलटंही तपासा. 007 सारखे आयडी असतील तर आर त्यांना आकडा समजून 7 करून टाकतं, अशा कॉलमला कोलक्लासेस (colClasses, रीड करताना टाइप सांगायचा पर्याय) मध्ये कॅरेक्टर लिहून फाइल परत रीड करा, नंतर टाइप बदलला तरी गेलेली शून्यं परत येत नाहीत.