नवी माणसं घ्यायलेत म्हणे, पोराला मुंबईला धाडू का?

"मी सेलूच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. मुलगा परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गॅदरिंगपासून त्याला कॉमेडीचं वेड. टीव्हीवरच्या एका जुन्या विनोदी कार्यक्रमातली बरीच माणसं सोडून गेली, आता नवे चेहरे घ्यायलेत, म्हणून तो संभाजीनगरला ऑडिशन देऊन आला. 'कळवू' म्हणाले, त्याला पाच आठवडे झाले. आता म्हणतो, शेवटचं सेमिस्टर सोडतो अन् मुंबईत जाऊन राहतो, अशी संधी दहा वर्षांत एकदा येते. खोलीचं डिपॉझिट आणि चार महिन्यांचा खर्च म्हणून लाखभर मागायलाय. शिवाय कुणी कोऑर्डिनेटर पंधरा हजारांत थेट टीमशी भेट घालून देतो म्हणे. त्याच्या आईनं अन्न सोडलंय, पण फक्त माझ्यासमोर. मी आडकाठी घालणारा बाप नाही. पण सोडू किती आणि धरू किती, ते समजेना. त्याचे सात व्हिडिओ सोबत पाठवतो."

– एक वडील, सेलू, जि. परभणी

नमस्कार भाऊ,

पंधरा हजारांचं आधी मिटवू. एक रुपया देऊ नका. काम देणारा माणूस नटाला पैसे देतो, घेत नाही. नाव नोंदणी, फोटोंचा संच, ओळखपत्र, कुठल्याही नावाखाली पैसे मागितले की फोन ठेवून द्यायचा. तुम्ही मोंढ्यात आयुष्य काढलंय, माल न बघता हिशोबाची पट्टी करणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल.

आता संधीबद्दल. तुमचा मुलगा एका गोष्टीत बरोबर आहे. अशा कार्यक्रमांचा जुना संच फुटतो तेव्हा दार खरंच उघडतं. 'चला हवा येऊ द्या' 2014 मध्ये सुरू झाला आणि मार्च 2024 मध्ये थांबला. 2025 च्या जुलैमध्ये परत आला तेव्हा सूत्रसंचालक बदललेला होता, आणि जुन्या मंडळींच्या हाताखाली गावोगावच्या ऑडिशनमधून निवडलेली नवी पोरं होती. 'हास्यजत्रे'तूनही मोठी नावं गेली, त्यांतलं एखादं परतही आलं. दहा-दहा वर्षं चालणाऱ्या कार्यक्रमाला हे चुकत नाही. घरातले कर्ते वेगळे निघतात, चुली नव्यानं मांडाव्या लागतात.

पण तो समजतोय की जागा रिकामी झाली म्हणजे आपल्याला बसायला पाट मांडलाय. इथं माझं त्याच्याशी पटत नाही. नव्यानं बांधणीचा हंगाम हा नवख्यासाठी सगळ्यात धोक्याचा हंगाम असतो. प्रेक्षक जुन्या चेहऱ्यांची आठवण काढत बसलेला असतो, वाहिनीची नजर आकड्यांवर असते, आणि काही बिघडलं की शेवटी आलेला पहिला बाहेर जातो.

याची सगळ्यात लांबलचक नोंद अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाची आहे. 11 ऑक्टोबर 1975 ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला, अजून चालू आहे, म्हणून त्याचं उदाहरण घेतो. पाच वर्षांनी, 1980 मध्ये, निर्माता लॉर्न मायकल्स आणि त्याच्यासोबत उरलेला सगळा जुना संच बाहेर पडला. नव्या निर्मातीनं सगळी नवी माणसं घेतली. बारा भागांनंतर तिलाच काढलं. पुढच्या हंगामापर्यंत त्या संचातले दोघेच शिल्लक होते. पहिल्याचं नाव जो पिस्कोपो, दुसरा एडी मर्फी.

मर्फीचं तुमच्या मुलाला जरा सावकाश सांगा. वय एकोणीस. त्याला आधी धड जागाही नव्हती, संचाच्या कडेला उभा असायचा. 1981 च्या जानेवारीत एका शनिवारी कार्यक्रम वेळेआधी संपत आला. थेट प्रक्षेपण, काही मिनिटं भरायची आणि हातात काही नाही. मर्फीला सांगितलं, जा, तुझं ते एकपात्री कर. त्यानं केलं, आणि तिथून पुढं त्याला कुणी कडेला उभं केलं नाही. लोक याला नशीब म्हणतात. मला त्यात दिसतं ते असं, की ती मिनिटं दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला आली असती, पण ती भरायला लागणारा मजकूर त्याच्या खिशात आधीपासून होता, क्लबात लोकांसमोर घासून आणलेला.

दुसरी गोष्ट 1985 ची. लॉर्न मायकल्स परत आला आणि त्यानं सिनेमातली ओळखीची, तरुण माणसं भरली. रॉबर्ट डाउनी ज्युनियर वीस वर्षांचा होता, अँथनी मायकल हॉल तर सतराचा. हंगाम असा पडला की कार्यक्रम बंद व्हायची वेळ आली. वर्षभरात बहुतेक सगळ्यांना नारळ मिळाला. डाउनीचं पुढं काय झालं ते तुमच्या मुलाला माहीत असेल, तो आयर्न मॅन झाला. त्यांच्या जागी 1986 मध्ये जे आले त्यांत फिल हार्टमन होता. तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि आधी गाण्यांच्या रेकॉर्डची वेष्टनं डिझाइन करायचा. कार्यक्रम ज्यांनी उभा केला त्यांत तो पुढं होता. म्हणजे दहा वर्षांत एकदा येणारी संधी वगैरे जे मुलगा म्हणतो, त्याचा हिशोब जमत नाही. हे कार्यक्रम फुटतच असतात. 1995 ला तो पुन्हा जवळजवळ नव्यानं बांधला. अलीकडे, 2025 मध्ये, त्याच्या 51 व्या हंगामाआधी पाच कलाकार गेले आणि पाच नवे आले. तुमचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याच्या आयुष्यात अशी आणखी चार दारं उघडतील.

आता व्हिडिओ. सातही पाहिले, काही दोनदा. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पहिल्या सहांत टीव्हीवरचेच लोक आहेत. साडी नेसलेला नवरा, तोतरा नोकर, एका प्रसिद्ध नटाची चाल. चाल चांगली उचललीय. पण ज्या कार्यक्रमातून तो नट गेलाय, तिथं त्याची नक्कल कोण घेईल? त्यांना त्याची आठवण पुसायचीय.

सातवा व्हिडिओ वेगळा आहे. सोयाबीनची ओल मोजायचं यंत्र. शेतकरी पोतं घेऊन उभा, आडत्या मूठभर दाणे यंत्रात टाकतो आणि आकडा वाचायच्या आधी शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघतो. "चौदा हाय." "मालक, कालच वाळवलंय." "मग आज घाम फुटलाय त्याला." पुन्हा टाकतो, तेरा. पुन्हा टाकतो, पंधरा. शेतकरी म्हणतो, "मालक, तेराचंच धरा, ते लई गुणाचं होतं." मी इथं मोठ्यानं हसलो, बाहेर बसलेल्या पालकांनी दारातून डोकावून पाहिलं. हमीभावाला बारा टक्के ओलीची अट आहे हे ज्याला माहीत आहे तो या विनोदावर हसता हसता थांबतो. हे मुंबईत बसून कुणाला लिहिता येणार नाही. आणि भाषा बघा, 'करायलाव', 'कामून', 'लई', सगळं जागच्या जागी आहे. टीव्हीवर गावाकडचं म्हणून जी चार जिल्ह्यांची खिचडी बोलतात, ती यात नाही.

आपल्याकडच्या बोलीवर आख्खा प्रयोग उभा राहतो हे लक्ष्मण देशपांड्यांनी दाखवून ठेवलंय. ते संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न माणसं उभी करायचे. त्यांना कुणी भूमिका दिली नव्हती, त्यांनी ती लिहिली. मकरंद अनासपुरेंनी हीच बोली सिनेमात नेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की त्यानं चेहरा घेऊन जाऊ नये, वही घेऊन जावं. असे कार्यक्रम चेहऱ्यावर चालताना दिसतात, पण आत ते कागदावर चालतात. निलेश साबळे 'चला हवा येऊ द्या' लिहायचे, दिग्दर्शन करायचे आणि सूत्रसंचालनही करायचे. (ते आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, पदवी पुरी केलेले. हे मुलाच्या आईला सांगा, कदाचित तुमच्यासमोरही जेवतील.) समीर चौघुले, प्रसाद खांडेकर हे नटही आहेत आणि लिहितातही. तिकडं 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये टीना फे 1997 मध्ये लेखक म्हणून आत गेली, दोन वर्षांत मुख्य लेखक झाली, पडद्यावर आली ती त्यानंतर. नट नवा असेल तर त्याला थांबवून ठेवता येतं. ज्याच्याकडं दर आठवड्याला दोन पानं आहेत त्याला थांबवणं अवघड असतं.

तेव्हा आता पाठवू नका, परीक्षेनंतर पाठवा. "आधी डिग्री कर, मग काय करायचं ते कर" हे वाक्य मात्र म्हणू नका. आपण पालक ते म्हणतो आणि डिग्री झाली की बी.एड.चा फॉर्म आणून ठेवतो. मुलांना हे पाठ झालंय. त्याऐवजी तारीख द्या. शेवटचा पेपर झाला की आठव्या दिवशी गाडीत बसायचं, तिकीट तुम्ही काढायचं. आणि डिग्री कशाला, तर पुढची दारं तीच मागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, शिवाय किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनयाच्या कोर्सलाही पदवी लागते. घराजवळ राहायचं तर संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग आहे, किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातलं ललित व प्रयोगजीवी कला संकुल. एका सेमिस्टरसाठी हे सगळं बंद करून घ्यायचं का, एवढं त्यालाच विचारा. तो विज्ञानाचा विद्यार्थी आहे ना?

मधल्या महिन्यांत काय करायचं, तर न्यूयॉर्कवाल्यांचा आठवडा उचलायचा. त्यांच्याकडं सोमवारी कल्पना मांडतात, मंगळवारी रात्रभर लिहितात, बुधवारी सगळे एका टेबलाभोवती बसून मोठ्यानं वाचतात. तिथंच बहुतेक माल गळतो. जे उरतं त्याची गुरुवारी-शुक्रवारी तालीम. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर आख्खी रंगीत तालीम होते, तिच्यात जे हसवत नाही ते काढून टाकतात, मग साडेअकराला थेट प्रक्षेपण. कुणी आठवडाभर खपून लिहिलेलं असतं आणि ते साडेदहाला केरात जातं. पुढच्या सोमवारी तोच माणूस नवी कल्पना घेऊन येतो. तुमच्या मुलाला हे एकदा अंगावर घेऊ द्या. परभणीच्या खोलीवर तीन मित्र पुरेत. दर आठवड्याला एक प्रहसन, सहा मिनिटांचं, आणि शनिवारी ते अशा पंधरा-वीस जणांसमोर, जे मित्र नाहीत. मेसवाल्या मावशी चालतील, आणि मोंढ्यातले हमाल तर उत्तम, ते खोटं हसत नाहीत. ज्या ठिकाणी हसले नाहीत तिथं पेन्सिलनं रेघ मारायची. परीक्षेआधीचा महिना सोडला तरी दहा प्रहसनं होतील. त्यांतली सात टाकाऊ निघतील. उरलेल्या तिनांना मुंबईत किंमत आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात प्रहसनाची स्पर्धा असते, तिथं उतरला नसेल तर मला आश्चर्य वाटेल, विचारून घ्या.

पैशांचं. लाख एकदम देऊ नका. तीन महिन्यांचं खोलीभाडं आणि जेवण एवढं धरा, दर महिन्याला पाठवा, आणि चौथ्या महिन्यापासून निम्मं त्यानं कमवायचं. कुठल्याही प्रॉडक्शनमध्ये सहायकाचं, लेखकाच्या हाताखालचं काम मिळालं तर ते नटाच्या कामाइतकंच चांगलं समजायचं. किती काळ, हे आताच दोघांनी ठरवा. मी साधारण दोन वर्षं म्हणतो. माझा अंदाज चुकूही शकतो. पूर्वी एका मुलीला मी सहा महिने दिले होते, ती आठव्या महिन्यात कामाला लागली आणि अजून मला दिवाळीला फोन करून तो आकडा ऐकवते.

ऑडिशनचा 'कळवू' विसरून जा. आला फोन तर जाऊ द्या, परीक्षा आड येत असेल तर तारीख मागून घ्यायची, विचारायला लाजायचं नाही.

एक काम मात्र या आठवड्यात करायला सांगा. सोयाबीनच्या व्हिडिओला शेवट नाही. आडत्या काट्याकडे वळतो आणि संपतं. तिसऱ्यांदा आकडा बदलल्यावर तो शेतकरी पोतं तिथंच ठेवतो की उचलून नेतो, आणि जाता जाता काय बोलतो, हे त्यानं कागदावर लिहून मला पाठवावं. तुम्ही तो शेतकरी रोज पाहता, त्यामुळं उत्तर तुम्हाला माहीत असणार. पण त्याला सांगू नका.