पुणे ते स्टुटगार्ट: विमान नऊ तासांचं, वाट वीस तासांची

तुम्ही विचारलंत की एप्रिलमध्ये नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला यायचंय, पुण्यापासून किती लांब पडतं, आणि आईवडील तिकडेच राहणार असतील तर काय. मी बारा वर्षं इथे आहे. तुमच्यासारखीच कोथरूडहून निघाले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

वाट अशी: पुण्याहून गाडीने मुंबई, तिथून विमानाने फ्रँकफर्ट, पुढे ट्रेनने स्टुटगार्ट. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर. थेट विमानाला इकडे येताना नऊएक तास लागतात. भारतात जाताना थोडे कमी, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे तेव्हा पाठीशी असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तसं काही घडलं की वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

पण हिशेब घराच्या दारापासून धरा. रात्री एकचं विमान असेल तर मी संध्याकाळी पाचलाच गाडीत बसते. एक्स्प्रेसवेवर घाटात कधी अडकाल सांगता येत नाही, शुक्रवार असेल तर आणखी तासभर आधी निघा. फ्रँकफर्टला पहाटे उतरायचं, पासपोर्टची रांग, बॅगा, मग विमानतळाला जोडलेल्याच स्टेशनातून आयसीई या वेगवान ट्रेनने सव्वा तासात स्टुटगार्ट. घरात पाऊल टाकेपर्यंत पुण्यात दुपारचे दीड-दोन वाजलेले असतात. म्हणजे वीस-एकवीस तास. विमानाच्या तिकिटातच ट्रेन जोडून मिळते, ती घ्या. विमान उशिरा उतरलं तर पुढची गाडी मिळते, वेगळं तिकीट काढलं असेल तर ती जबाबदारी तुमची. आखातात विमान बदलून येणं बरेचदा स्वस्त पडतं. एकटे असाल तर जरूर या, फक्त मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी नको.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता, आईवडिलांचा. 2019 मध्ये बाबांना हृदयविकाराचा झटका आला. फोन आला तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजले होते. दुपारच्या थेट विमानात जागा मिळाली, मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरले आणि घाट चढून सकाळी सहाला हॉस्पिटलात पोचले. बाबा शुद्धीवर होते, माझा हात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत. वीस तास मी फक्त भावाच्या मेसेजची वाट पाहत होते. म्हणून सांगते, पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड कायम एकाच जागी ठेवा, एका तिकिटापुरते पैसे बाजूला असू द्या, आणि पुण्यात पहिल्या तासात धावून जाईल असा शेजारी किंवा मावसभाऊ आत्ताच ठरवून त्याच्याशी स्पष्ट बोला. तो पहिला तास तुमच्या हातात नसेल.

आईवडील भेटीला येतील तेव्हा त्यांना थेट विमानानेच आणा, पैसे जास्त गेले तरी. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. फ्रँकफर्टला फार चालावं लागतं. आणि आईला तूप, पेढे बॅगेत भरू देऊ नका. दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात आणि तिचा जीव हळहळतो. लाडू करायचेच असतील तर इथे लोणी कढवून छान तूप होतं. माझी आई येते तेव्हा पहिल्याच दिवशी ते काम हातात घेते.